आत्याचा मुलगा कोण लागतो

माझी इंग्रजीची परीक्षा आत्या घ्यायची. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ही अडचण आम्हा दोघींपैकी कुणालाच कधी जाणवली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात, मग ती नात्यातली असो नसो. माझी मात्र दोन्हीकडून खरी. वडील दौंडला रेल्वेत होते. मी तिथल्या क्वार्टरमध्ये वाढले, तिथंच बी.ए. झाले आणि लग्न होऊन वडगाव रासाईला आत्याच्या घरात आले. लग्नाआधी मी तिला 'आत्या, तू' म्हणायचे. अक्षता पडल्या त्या दिवसापासून 'आत्या, तुम्ही' म्हणायला लागले. तिनंही मला भाची म्हणणं त्याच दिवशी बंद केलं. ही कोण, असं कुणी विचारलं की 'सून' म्हणून मोकळी व्हायची. मला त्याचं थोडं वाईट वाटायचं, पण ते दाखवायला सासरी जागा नसते.

नवरा शिक्रापूरला एका कंपनीत होता. चौघांत मिळून एक खोली आणि दोन खाटा. एकाची शिफ्ट संपली की दुसऱ्याची सुरू व्हायची, त्यामुळे खाटा कधी गार पडत नसत. कंपनीला सुट्टी गुरुवारी. तो बुधवारी संध्याकाळी यायचा आणि शुक्रवारी दिवस उगवायच्या आत निघून जायचा. लग्नाला वर्ष होत आलं तरी आमचं एकही भांडण नीट पुरं झालं नव्हतं. सुरू व्हायचं आणि शुक्रवार उजाडायचा.

मला शिक्रापूरला त्याच्याबरोबर राहायचं होतं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आणि एवढं कारण घरात सांगता येत नव्हतं. शेवटी त्यानंच एका गुरुवारी विषय काढला. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले की बघा तुमचं तुम्ही. मामांना त्या घरात मत होतं, फक्त ते कुणी विचारत नसे. आत्यानं भाकरी थापता थापता निकाल दिला. "खोलीवर जाऊन नुस्ता सैपाकच करायचा आसंल, तर हितं काय चुली कमी हायत? नोकरी लागली तर जाऊ दे. न्हाईतर न्हाई."

आता यात तर्काची चूक दाखवणं अवघड होतं. चुली खरोखरच कमी नव्हत्या.

दोन महिन्यांत त्याच्या शेजारच्या कंपनीत ऑफिसकामाला मुली घेणार असल्याची बातमी आली. बी.ए. चालणार होतं. लेखी परीक्षा होती: अर्धी इंग्रजी उतारे वाचून प्रश्नांची उत्तरं देण्याची आणि अर्धी तर्काची, ज्याला सगळे रीझनिंग म्हणत. नवऱ्यानं शिरूरच्या एसटी स्टँडवरून त्या परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक आणलं. पुढं प्रश्न, प्रत्येकाला ए, बी, सी, डी असे चार पर्याय आणि मागच्या पानांवर बारीक अक्षरात उत्तरं. पास झाले तर खोली, नापास झाले तर चूल. इतका सोपा पेपर मी पुन्हा कधी पाहिला नाही.

आत्याचा नुसत्या वाचण्यावर विश्वास नव्हता. पुस्तक हातात धरून बाई बसली म्हणजे ती अभ्यास करते की काम चुकवते, हे बाहेरून कळत नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. म्हणून दुपारी ती स्वतः परीक्षा घ्यायला बसायची. मी शेंगा फोडायचे, ती उंबऱ्यात पुस्तक माझ्यापुढं धरून. मी प्रश्न इंग्रजीत वाचायचा, मग तिला मराठीत सांगायचा, मग उत्तर द्यायचं. त्यावर ती मागची पानं उघडायची. आकडे तिला एसटीच्या पाट्यांमुळे येत होते. एबीसीडी तिनं पोराच्या पाटीवरून उचलली होती, तीही डीपर्यंतच. या परीक्षांना त्याच्यापुढं काही लागतही नाही. सीला मात्र ती 'शी' म्हणायची. माझं उत्तर चुकलं आणि आत्या "शी" म्हणाली की मला दुप्पट लागायचं.

नियम असा होता: उत्तर चुकलं तर म्हशीखालचं शेण मी काढायचं, बरोबर आलं तर तिनं. नियम तिचाच, आणि तो ती पाळायची. एकदा माझी ओळीनं बरोबर आली तेव्हा तिनं सगळा गोठा मुकाट झाडून काढला, आणि मला आत बसून तिचा राग यायच्या ऐवजी रडू यायला लागलं.

एका उताऱ्यात लिहिलं होतं की खेड्यातली माणसं निसर्गाच्या सान्निध्यात राहतात, म्हणून ती सुखी आणि समाधानी असतात. प्रश्न होता, खेड्यातली माणसं कशी असतात. मी उतारा मराठीत सांगितला. आत्यानं विचारलं, कुठलं खेडं. मी म्हटलं, ते दिलेलं नाही. आणि आत्या, आपल्याला जे माहीत आहे ते लिहायचं नसतं, उताऱ्यात जे आहे तेच लिहायचं असतं. तिनं मागं पाहिलं. 'ए' होतं, म्हणजे सुखी. "छापलंय म्हंजी आसंल," ती म्हणाली, आणि नदीवरची मोटार जळाल्यामुळे कोरड्या पडलेल्या उसाकडे बघत बसली.

रीझनिंगमध्ये एक प्रकार असा की, दिलेलं वाक्य खरं धरायचं, कितीही खुळं असलं तरी. त्या दिवशी निघालं, सगळ्या मेंढ्या टेबल आहेत. आमच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. आत्या लहानपणी कळपामागून चाललेली. तिनं शेंगांची पाटी बाजूला केली.

"मेंढी टेबल कशी आसंल?"

मी सांगितलं, धरायचं फक्त. ती म्हणाली, मेंढी धरायची ते माहीत हाय, टेबल कुणी धरलं? बराच वेळ गेला. शेवटी तिनं मागची पानं उघडली. उत्तर छापलेलं होतं आणि त्याच्यापुढं कसलीही शंका छापलेली नव्हती. "छापलंय म्हंजी आसंल," ती म्हणाली, पण नंतर दोन दिवस म्हशीला उगाच शिव्या देत होती. छापलेल्या शब्दापुढं ती कधी गेली नाही. माझं उत्तर पटलं तरी मागच्या पानावर वेगळं असलं की शेण माझ्याकडेच.

पुस्तकात पुढं एक अख्खं प्रकरण नात्यांचं होतं. अमक्याच्या बहिणीच्या मुलीचा बाप तमक्याचा कोण, असले प्रश्न. आत्यानं चित्रातल्या रेघा बघितल्या, विषय विचारला आणि पानांचा तो सगळा गठ्ठा एकदम उलटला.

"नात्याचं काय शिकायचंय? ते काय पुस्तकातनं शिकत्यात व्हय? पुढचं घे."

मलाही ते पटलं. नाती सांभाळण्यातच माझा सगळा दिवस जात होता, तिथं आणखी सराव कशाला करायचा.

परीक्षा कंपनीच्या कँटीनमध्ये होती. टेबलांना आमटीचा वास होता आणि पुण्याहून आलेला टायवाला साहेब मधून फिरत होता. इंग्रजी उतारा पेंग्विन पक्ष्यांवर होता. मी पेंग्विन कधी पाहिला नव्हता, आणि ते बरंच झालं, कारण माहीत असलेलं आड आलं नाही. रीझनिंगही चांगलं चाललं होतं. सगळी कपाटं आंबे होती, मी मुकाट्यानं धरली. मग तो प्रश्न आला. एक माणूस एका बाईला म्हणतो, "तुझ्या वडिलांची बहीण ही माझी आई." तर तो तिचा कोण? ए, भाऊ. बी, कझिन. सी, नवरा. डी, यांपैकी कुणी नाही.

कझिन हा शब्द मला येत नव्हता असं नाही. दौंडच्या शाळेत बाईंनी सांगितला होता. चुलत, मावस, मामे, आते, सगळे भाऊबहीण एकाच पोत्यात. इंग्रजांना नाती निवडत बसायला वेळ नसावा. पेपरला काय हवंय, ते मला स्वच्छ दिसत होतं. उताऱ्यात आहे तेवढंच लिहायचं, बाहेरचं आणायचं नाही, हे मीच आत्याला शिकवलं होतं.

पण मला राखीपौर्णिमा आठवली. लहानपणी आत्या आपल्या पोराला घेऊन दौंडला यायची. आई मला सगळ्यांना राखी बांधू द्यायची. समोरच्या क्वार्टरमधल्या पोराला, पोस्टमनला, शेजारच्या गार्डसाहेबांच्या दोन्ही मुलांना. हा हात पुढं करून बसायचा आणि आई त्याचा हात मागं सारायची. त्याला नको, म्हणायची. का नको ते कुणी सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. तो एकदा रडला होता, सगळ्यांना मिळते आणि मलाच नाही म्हणून. ज्याला भाऊ व्हायला माझ्या आईनं इतकी वर्षं मनाई केली, त्याला मी आमटीच्या वासात पेन्सिलीनं भाऊ करणार होते का?

हात काही बीकडे गेला नाही. मी सीचा गोल काळा केला, चांगला दाबून.

नवरा नाइट शिफ्ट करून गेटबाहेर थांबला होता. टपरीवर चहा घेताना मी त्याला तो प्रश्न सांगितला. त्यानं काय लिहिलंस विचारलं. मी सांगितलं. त्याचे डोळे झोपेनं लाल होते. तो हायवेवरचे ट्रक बघत म्हणाला, "बरोबर हाय की." त्याचा असा समज होता की आपली खोली पक्की झाली.

यादी गेटवर लागली, तिच्यात मी नव्हते. कशात गेले ते कुणी सांगितलं नाही. पेंग्विनांतही काही चुकलं असेल. पण माझ्या मनानं घेतलं की त्या एकाच गोलापायी गेले. एसटीत मला नवऱ्याचा, स्वतःचा आणि सगळ्या इंग्रजांचा राग आला. घरी पोचेपर्यंत नुसतं रडू उरलं होतं.

आत्या उंबऱ्यात बसली होती, पुस्तक मांडीवर. तिनं तोंडाकडे बघूनच ओळखलं. रोजच्यासारखंच विचारलं, "कुठं चुकलं?"

मी प्रश्न सांगितला. तिनं तो परत सांगायला लावला.

"तुझ्या बापाची बहीण म्हंजी मी."

मी म्हटलं, हो.

"आन् माझा ल्योक तुझा कोण?"

मी म्हटलं, मी तेच लिहिलं, सी, नवरा, पण त्यांना दुसरं हवं होतं. त्यांच्यात त्याला कझिन म्हणतात. तिनं कझिनचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिनं पुस्तकातला नात्यांचा गठ्ठा उघडला. तसलाच प्रश्न तिथं होता, तो मी तिला वाचून दाखवला, आणि मग तिनं मागची पानं काढून त्या आकड्यावर बोट ठेवलं. 'बी' होतं. मी वाट बघत राहिले, ती आता म्हणणार, छापलंय म्हंजी आसंल.

तिनं पुस्तक मिटलं.

"छापणाराला नाती म्हाईत न्हाईत," ती म्हणाली. "मेंढरं टेबल म्हनला, आपुन आयकलं. हे न्हाई आयकायचं. तू पास हायस."

मी म्हटलं, आत्या, नोकरी तर नाही लागली. ती म्हणाली, पेपर त्यांचा चुकला, त्याचं शेण तू का काढायचं? मग उठून गोठ्यात गेली. बुधवारी तो आला तेव्हा तिनं माळ्यावरचा जुना स्टोव्ह उतरवून घासून ठेवला होता, आणि पिठाचा डबा भरला होता. मामांना विचारलं नाही. तरी ते म्हणाले, बरं झालं.

शिक्रापूरची खोली बघायला आत्या स्वतः आली. पत्रा तापतो का, पाणी किती वाजता येतं, सगळं तिनं पाहून घेतलं. शेजारच्या खोलीत बिहारकडचं एक कुटुंब होतं. त्यातली बाई दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बोट करून आत्याला विचारलं, ये आपकी कौन लगती है?

मी 'बहू' ऐकायच्या तयारीत होते.

"मेरे भाई की लडकी," आत्या म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा. मी स्टोव्हला पिना मारत होते, ते तसंच चालू ठेवलं, कारण वर बघता येत नव्हतं.

मग त्या बाईनं खाट आत घेणाऱ्या नवऱ्याकडे बोट केलं. और ये?

"मेरा लडका."

त्या बाईनं मनातल्या मनात हिशोब केला. ती परीक्षेला बसली असती तर हमखास पास झाली असती. तिनं आमच्या एकाच खाटेकडे पाहिलं आणि जरा मागं सरत विचारलं, म्हणजे हे दोघं भाऊबहीण?

"शी," आत्या म्हणाली.

त्या बाईला वाटलं, किळस आली म्हणून म्हणाली. पण मी ती परीक्षा दिलेली होती. आत्यानं पर्याय सांगितला होता.