हरकतीचे पाचशे

गडदे सरांच्या गळ्यात दोन दोऱ्या असत. एका दोरीला शिट्टी आणि दुसरीला बॉलपेन. गडबडीत ते कधी कधी पेनच तोंडात धरून फुंकायचे आणि वाजलं नाही की स्वतःलाच चार शब्द सुनावायचे. आमच्या तालुक्यातल्या शालेय क्रीडा स्पर्धांचा पैशाचा सगळा कारभार बावीस वर्षं या एका माणसाकडे होता. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली लोखंडी टेबल, टेबलावर पावतीबुक आणि ते वाऱ्यानं फडफडू नये म्हणून त्यावर गोळाफेकीचा गोळा. खो-खो असो, कबड्डी असो की लांब उडी, मैदानात उतरण्याआधी प्रत्येक शाळेला त्या गोळ्याखालची पावती फाडून घ्यावी लागे.

मी तालुक्यातल्याच गोरेगावजवळच्या एका शाळेत नुकतीच क्रीडाशिक्षिका म्हणून लागले होते. खो-खोच्या बारा मुलींना जीपमध्ये कोंबून पहिल्यांदा स्पर्धेसाठी सेनगावला, तालुक्याच्या गावी, आले. प्रवेश फी मुलींनीच घरून आणलेली, त्यामुळे ती दहाच्या नोटा आणि नाण्यांत होती. मी रुमालाची गाठ सोडून सगळा ऐवज टेबलावर ओतला. सर मान वर न करता मोजू लागले, "दोन, चार, सहा, आठ..." मी मध्येच विचारलं, "सर, आमची मॅच किती वाजता?" त्यांनी मोजलेलं सगळं पुन्हा ढिगात ढकललं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मोजून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, मेंढरं मोजताना अन् पैसे मोजताना मधी बोलू न्हाई. दोन्ही बिचकतात."

सरांचं घर मेंढपाळाचं. लहानपणी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहून आत शिरणारी मेंढरं ते जोडीजोडीनं मोजायचे. तीच सवय त्यांनी नोटांना लावली होती आणि मैदानावरच्या पोरांनाही. त्या दिवशी त्यांनी पाच रुपयांचं एक नाणं माझ्याकडे परत सरकवलं.

"हे जास्तीचे हायत."

"राहू द्या की सर, स्पर्धेला."

"न्हाई जमत. कमी पडलेला रुपया सापडतो. जास्तीचा झोपू देत न्हाई."

पाच रुपयांसाठी या माणसाची झोप उडणार, हे ऐकून मला हसू आलं. मी ते तोंडावर रुमाल धरून दाबलं. सरांना ते दिसलं असणार, कारण पावती देताना त्यांनी माझं आडनाव मुद्दाम दोनदा विचारून घेतलं.

जमा झालेल्या फीतून मैदानावर रेषा आखायची फक्की, पंचांचा चहा, प्रमाणपत्रं, मलमपट्टीची पेटी, सगळं भागवायचं असे. सरांच्या वहीत केळ्याचा घडसुद्धा नगानुसार लिहिलेला असायचा. एकदा एका मुख्याध्यापकांनी विचारलं, "सर, यात एक केळं कमी कसं?" सर म्हणाले, "मी खाल्लं. खाली बघा, माझ्याकडून जमा हाय."

मध्ये एक साल त्यांनी काळाबरोबर चालायचं ठरवलं. टेबलावर मोबाइलनं पैसे भरायचा कोड चिकटवला. पण त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चहावाल्या छबूभाऊनं आपली किटली टेकवली होती आणि शेजारी आपलाही कोड ठेवला होता. तीन शाळांनी मोठ्या विश्वासानं आपली फी छबूभाऊला भरली. तोही गडी हुशार. आज धंदा जोरात आहे म्हणून त्यानं त्या पैशांचं दूध आणि साखर आणून टाकली. दुपारी उलगडा झाला तेव्हा परत द्यायला त्याच्याकडे पातेलंभर उकळता चहाच होता. सर शांतपणे बसले, पंचांच्या दोन दिवसांच्या चहाचा हिशेब केला, तो त्या फीतून वळता केला आणि तीन शाळांना पावत्या फाडून दिल्या. छबूभाऊ कपाळावर हात मारत म्हणाला, "सर, आजच्या दिवसात मी एवढा श्रीमंत काहून झालो, मलाच समजून नव्हतं राहिलं." त्या दिवसापासून सरांच्या टेबलावर पाटी आली: मोबाइल बंद, नोट चालू. या पाटीनं पुढं माझीच अडचण केली.

आता हरकतीबद्दल सांगायला हवं. आमच्या स्पर्धेत एखाद्या निकालावर किंवा खेळाडूवर हरकत घ्यायची तर लेखी अर्ज आणि सोबत पाचशे रुपये, तेही सामना संपल्यापासून अर्ध्या तासात, सरांच्या टेबलावर ठेवावे लागतात. हरकत खरी ठरली तर पैसे परत. खोटी ठरली तर जमा. हा नियम नव्हता तेव्हा म्हणे प्रत्येक सामन्यानंतर आणखी एक सामना शिक्षकांचा होई. कुणी तणतणत आलं की सर म्हणायचे, "तोंडी हरकत फुकट हाय, वाट्टंल तेवढी घ्या. कागदावरची पाचशे." निम्मे लोक तिथूनच पाणी प्यायला जात.

सरांच्या निवृत्तीचं ते शेवटचं साल. खो-खोच्या अंतिम सामन्यात आमच्या मुली आणि सरांच्याच, म्हणजे यजमान शाळेच्या मुली समोरासमोर आल्या. सर टेबलावर अडकलेले असल्यामुळे त्यांच्या शाळेचा संघ एक तरुण शिक्षक सांभाळत होते. बावीस वर्षं सरांनी सगळ्या तालुक्याला पावत्या फाडून दिल्या, पण त्यांच्या शाळेच्या मुली खो-खोत एकदाही तालुक्याला पहिल्या आल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या. एका गुणानं आम्ही हरलो. सर टेबलामागून उठले, शिट्टी तोंडात घातली आणि विनाकारण जोरात वाजवली. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

इकडं आमची कप्तान वैष्णवी माझ्या दंडाला धरून ओढत होती. "मॅडम, त्यांची ती उंच पोरगी हाय नं, पूनम म्हणून खेळली ती? ती पूनम न्हाई. पूजा हाय. माझी मावसबहीण."

"मग?"

"मग काय मॅडम! दहावीपर्यंतच्याच पोरींची स्पर्धा हाय नं? पूजाचे दहावीचे पेढे यंदा आमीच खाल्लेत. पूनमचे अजून यायचे हायत."

थोरल्या बहिणीला धाकटीच्या नावावर उतरवलं होतं. साऱ्या तालुक्यात कुणी ना कुणी कुणाचं नातेवाईक लागतं, एवढी साधी गोष्ट त्या तरुण शिक्षकांच्या लक्षात आली नव्हती. मी तिथंच मांडीवर कागद ठेवून अर्ज लिहिला आणि पर्स उघडली. जीपचं भाडं बाजूला काढल्यावर एकशे चाळीस रुपये उरत होते. मोबाइलमध्ये पैसे होते, पण ती पाटी! मी चार शिक्षकांकडे उसने मागितले. यजमान शाळेविरुद्ध हरकत म्हटल्यावर सगळ्यांचीच पाकिटं घरी राहिली होती. बारा मुली माझ्याकडे बघत होत्या. जिल्ह्याला, हिंगोलीला खेळायला जायचं म्हणून दोन महिने त्यांनी पहाटे पळून पळून पाय सोलून घेतले होते.

दहा मिनिटं उरली तेव्हा मी अर्ज घेऊन टेबलापाशी गेले. रडू येत होतं आणि रागही. "सर, हरकत आहे. पैसे नाहीत."

सरांनी अर्ज वाचला. आपल्या शाळेचं नाव वाचताना त्यांचं बोट तिथं थांबलं. मग वैष्णवीला जवळ बोलावलं. "पोरी, पेढे खरंच खाल्ले?"

"व्हय सर. दोन."

पलीकडं त्यांच्या मुली गुलाल उधळत होत्या. सर थोडा वेळ तिकडं बघत राहिले. मग शर्टाच्या खिशातून पाचशेची नोट काढली, माझ्या हातात दिली, पुन्हा माझ्याच हातातून घेतली आणि गोळ्याखाली ठेवली. "हरकत खरी का खोटी ते पंच बघतील. पैसे न्हाईत म्हणून ती राहू नये. हे उसने हायत बरं का, दान न्हाई." आणि माझ्या नावानं पावती फाडली.

पंचांनी पूजाला एवढंच विचारलं, "बाळ, यंदा कितवीला?" ती बिचारी घाबरून खरं बोलून गेली, "अकरावीला." आमच्या मुली पहिल्या आल्या.

सरांचे मुख्याध्यापक टेबलावर हात आपटून म्हणाले, "गडदे, स्वतःच्या शाळेवर स्वतःच्या खिशातून हरकत?" सर म्हणाले, "साहेब, हरकत त्यांची. पैसे तेवढे माझे." मग ते उठून आपल्या रडणाऱ्या मुलींजवळ मातीत जाऊन बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

हरकत खरी ठरल्यानं पाचशे मला परत मिळाले होते. संध्याकाळी हिशेब मिटवताना मी ते सरांना फेडायला गेले. सर नोटा मोजत होते. "दोन, चार, सहा..." थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकले. मी मध्ये काहीच बोलले नव्हते. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि हसले. "वाईट वाटून राहिलं मॅडम. लई वाईट. माझ्या नोकरीत पुन्हा काही पहिलं यायचं न्हाई आता." मी गठ्ठा उचलला आणि त्यांच्या पद्धतीनं, जोडीजोडीनं मोजून दिला.

निवृत्त होताना त्यांनी टेबल मला सोपवलं. पावतीबुक, वही, गोळा आणि एक पाकीट. पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हरकतीचे उसने'. आत पाचशेची एक नोट. "हे हिशेबात धरू नका," ते म्हणाले. "पण संपू बी देऊ नका."

गेल्या साली कबड्डीची अंतिम फेरी आमच्या शाळेनं जिंकली. माझी शाळा, माझी पोरं. पंधरा मिनिटांत एक नवखी शिक्षिका अर्ज घेऊन टेबलापाशी आली. तिचे डोळे भरलेले होते. "मॅडम, तुमच्या संघावर हरकत आहे. पण पैसे..."

खोटं कशाला बोलू, माझा हात गोळ्यावरच राहिला. तेवढा वेळ मी घेतला. मग पाकीट काढून नोट तिच्या हातात दिली.

सर दर साली स्पर्धा बघायला येतात, मागं कडुनिंबाला टेकून खुर्चीत बसतात. मागून आवाज आला, "मॅडम, मोजून दिली नं?"

"एकच नोट आहे, सर."

"मंग तर नीट मोजा," ते म्हणाले. "एकटी लवकर बिचकते."