वजन न वाढवणारे काका

बोरगाव मेघेतल्या आमच्या जिममध्ये साठीचे एक काका येतात. आठवड्यातून तीन दिवस, तेच वजन, तेवढ्याच वेळा. आरशात कधी बघत नाहीत. ट्रेनर एकदा म्हणाला, "काका, आता वजन वाढवा. बॉडी बनेल."

"बनवाची नाई," काका म्हणाले. "हाय तेवढी ताकद टिकली पाह्यजे. अंग वाढलं तं पंचाईत होते."

मला ते विचित्र वाटलं. मग एका रविवारी सकाळी कामानिमित्त त्यांच्या घरी गेलो. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि जिना फार अरुंद आहे. त्याच जिन्यावरून काका बायकोला दोन्ही हातांवर घेऊन उतरत होते. लकवा झाल्यापासून काकूंना चालता येत नाही. काका आडवे होऊन एकेक पायरी उतरत होते. त्यांची पाठ एका भिंतीला घासत होती आणि काकूंचे गुडघे दुसऱ्या भिंतीला.

मी मदतीला हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाले. "तिले दुसऱ्याच्या हाताची भीती वाटते."

"मले कायची भीती?" काकू काकांकडे बोट दाखवत म्हणाल्या. "यायलेच मले दुसऱ्याच्या हातात देववत नाई. चाला आता, ठेल्यावरचे पोहे सरून जातीन."