उपाशीपोटी सुई देत नाहीत

त्या उन्हाळ्यात देव ऐकतो की नाही, याचा मला भरवसा राहिला नव्हता. दिवा रोज लावत होते, पण हात नुसते सवयीने चालत. आम्ही विट्याकडचे, गलाईवाले. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हा आमचा धंदा. चंदीगडला सेक्टर बावीसमध्ये खाली दुकान आणि वर राहायची खोली. ह्यांची उमेदीची सगळी वर्षं भट्टीपुढे, तेजाबाच्या धुरात गेली. आता जिना चढला तरी धाप लागते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की साथीचा हा आजार झाला तर ह्यांची छाती तो सोसणार नाही, लस लवकर घ्या. घ्यायला आमची ना नव्हती. लस मिळत नव्हती.

मोबाइलवर नंबर लावता येई म्हणत, पण मी चौथी शिकलेली आणि हेही त्यातले नव्हेत. ज्यांना जमे त्यांचेही नंबर लागता लागता संपून जात. वय झालेल्यांनी नुसतं रांगेत उभं राहिलं तरी चालत असे, म्हणून आम्ही रांगेत जायचो. कधी दाराशीच कळे की आज माल आला नाही. कधी आमच्या पुढ्यात दार बंद होई. शेजारच्या खोलीत शालनवहिनी आणि भाऊजी राहत, आमच्याच तालुक्यातले, धंदाही तोच. ते दुसऱ्या केंद्रावर जात. संध्याकाळी जिन्यात भेट झाली की वहिनी नुसती मान हलवून 'नाही' म्हणायची आणि मीही तशीच मान हलवायची.

शेवटी मी यमाईदेवीला नवस बोलले. ह्यांना लस मिळेपर्यंत मंगळवार कडक धरीन, दिवसभर पाणीसुद्धा घेणार नाही, संध्याकाळी दिवा लावल्यावरच काय ते तोंडात घालीन. वहिनीला सांगितलं, तर तिनेही भाऊजींसाठी तसाच उपवास धरला. देव्हाऱ्यातल्या देवीच्या टाकाकडे बघताना मला वाटे, मी एवढं करते आहे, आता तिनेही काही करावं.

त्या मंगळवारी पहाटेच निघालो, तरी रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली होती. लोक चिडलेले होते. एकजण म्हणाला, "बड़े साहबों को तो कब की लग गई, हम यहाँ धूप में सूख रहे हैं." दुसरा त्याला म्हणाला, "पिंजौर चले जाओ जी, वहाँ भीड़ कम है. टीका भी लगेगा, बाग भी घूम आओगे." थोडे हसले, बाकीचे शिव्या देत राहिले. मला चिडायचंही बळ नव्हतं. घसा कोरडा पडला होता. एवढंच दिसत होतं की रांग पुढे सरकते आहे आणि आज आमचा नंबर लागणार.

आणि लागला. हे खुर्चीवर बसले, बाही वर केली. नर्सने विचारलं, "अंकलजी, कुछ खाके आए हो?" हो म्हणतील असं मला वाटलं. हे म्हणाले, "नहीं जी, उपवास है." मला माहीतच नव्हतं. सकाळी चहासाठी विचारलं तेव्हा नको म्हणाले होते, तेवढंच. मी बघतच राहिले, तर हे हळूच मराठीत म्हणाले, "तू उपाशी आणि मी काय ढेकर देत रांगेत उभा राहू?" नर्सने सुई बाजूला ठेवली. "खाली पेट नहीं लगेगी. चक्कर खाके गिरोगे, जवाब मुझे देना पड़ेगा. जाओ, कुछ खाके आओ." मी ह्यांना धरून बाहेर आणलं.

टाळेबंदीमुळे सगळी दुकानं बंद होती. फाटकाजवळ झाडाखाली एक म्हातारी सरदारीण गुरुद्वाऱ्यातून आणलेली रोटी आणि डाळ रांगेतल्या लोकांना वाढत होती. आमची तोंडं बघून तिने विचारलं नाही, ह्यांच्या हातावर रोट्याच ठेवल्या. मग माझ्याही. मी मागे सरले. ती म्हणाली, "लै पुत्तर, खा लै. सुई किते नी नस्सदी." सुई कुठं पळून जात नाही. नवस मोडावा की गुरुद्वाऱ्यातलं अन्न नाकारावं, मला कळेना. लंगरचं अन्न म्हणजे प्रसाद, तो परत कसा करायचा? खाल्लं. देवी रागावली तर रागावो, असं मनात आलं, आणि पाण्याचा घोट घेताना डोळ्यांत पाणीही आलं.

परत आलो तर सुई खरंच पळून गेली होती. साठा संपला म्हणून सांगत होते. लोक दारावर हात आपटत होते, मग एकेक करून निघून गेले. हेही निघाले, पण त्यांना दम लागला. सरदारणीने हाताला धरून बाकावर बसवलं. "रोटी खाके झट नी उठीदा. बह जा." जेवून लगेच उठू नये म्हणाली, म्हणून बसलो. ती भांडी आवरत राहिली आणि सांगत राहिली की तिच्या सुनेला खिचडी करता येत नाही.

थोड्या वेळाने तीच नर्स बाहेर आली आणि इकडे तिकडे बघू लागली. फोनवर नंबर लावलेल्या एका कुटुंबासाठी बाटली उघडली होती. त्यातल्या दोघांनाच टोचलं, बाकीच्यांना आधीच दुसरीकडे मिळाली होती म्हणे. उघडलेली बाटली ठेवता येत नाही. बाहेर आम्हीच होतो. "अंकलजी, अब खाया?" तिने विचारलं. हे म्हणाले, "हाँ जी, पेट भर के." आणि बाही वर केली. मी सरदारणीला सांगायला वळले, तर ती भांडी घेऊन रिक्षात बसली होती. तिचं नावही विचारायचं राहिलं.

पुढे त्या आजाराने ह्यांना गाठलंच. ताप आला, खोकला झाला, पण ह्यांची छाती टिकली. भाऊजींना मात्र लस मिळायच्या आधीच आजार झाला आणि ते गेले. वहिनीने माझ्याइतकाच कडक उपवास केला होता. तिचा तर एकदाही मोडला नव्हता. म्हणून माझ्या नवसाला देवी पावली, असं मी कुणाला सांगत नाही. तसं म्हणायला जीभ वळत नाही. मी दिलेलं तिने मोजून घेतलं आणि तेवढंच परत दिलं, असा तो व्यवहार नव्हता. माझ्या हातून तर दिलेलं वचनही निसटलं होतं. तेव्हा कुणीतरी न विचारता हातावर रोटी ठेवली, एवढंच मला ठाऊक आहे. जे मिळालं त्याला हात जोडते. वहिनीला का नाही मिळालं, हे मला कळत नाही. तेही देवीच्याच पायाशी ठेवते.

आता मंगळवारी दिवा लावते आणि काही मागत नाही. मग ज्वारीच्या भाकरी करते. ह्यांना वाढते. दुसरं ताट घेऊन शेजारच्या खोलीत जाते. वहिनी अजून मंगळवारी काही खात नाही, सवय झाली म्हणते. ताट तिच्यापुढे ठेवते आणि ती पहिला घास घेईपर्यंत तिथेच बसून राहते.