घरी करते हो, डॉक्टर

माझी मुलगी दोन वर्षांची झाली तरी हाक मारल्यावर वळून बघत नव्हती. कान चांगले होते. कुल्फीवाला घंटी वाजवत गेला की ती बरोबर दाराकडे धावायची. पण आपल्याला नाव आहे आणि ते कुणी घेतलं की बघायचं असतं, हे तिच्या गावीच नव्हतं. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत बसायची, आणि ते कुणी काढून घेतलं की भिंतीवर डोकं आपटायची.

आम्ही तेव्हा चारकोपला नवीनच राहायला गेलो होतो. घरं समोरासमोर, दारं दिवसभर उघडी. समोरची बाई दुपारी तिच्याकडे आलेल्या पाहुण्यांना घेऊन आमच्याकडे यायची. "बघा हं आता," म्हणायची आणि पोरीच्या हातातलं झाकण ओढून घ्यायची. पोर भिंतीकडे धावली की पाहुण्या तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा मी सगळ्यांना दाराबाहेर काढलं. तेव्हापासून "ती चावते, मुलांना पाठवू नका," असं ती बाई गल्लीभर सांगत सुटली. पोरगी कधी कुणाला चावली नव्हती.

माझे मिस्टर आधी गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली आणि ते जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला लागले. मीही तिथंच प्लॅस्टिकच्या कारखान्यात जायचे. घरात सासूबाई आणि लग्नाची नणंद. सासूबाईंचा सगळा जीव त्या लग्नात अडकलेला. "आमच्या घराण्यात असा कोण जल्माक इला नाय," असं त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.

मी मिस्टरांच्या मागेच लागले. "एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवू या. काय आहे ते तरी कळू दे."

"आणि कळल्यावर काय करणार आहेस?" ते म्हणाले. पण रजा काढून आले.

हॉस्पिटलात आम्हाला एका खोलीत नेलं. टेबलापलीकडे डॉक्टर आणि भिंतीलगत शिकाऊ मुलंमुली उभी. अनोळखी माणसं बघून पोरगी माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसली. डॉक्टरांनी तिला उचलून टेबलावर ठेवायला लावलं. लाकडी ठोकळे दिले, तिनं हात लावला नाही. बाहुली दाखवून "हिचे डोळे कुठायत?" विचारलं. ती छतावरच्या पंख्याकडे बघत होती. मग त्यांनी एका कपाखाली गोळी लपवली. पोर पंखाच बघत राहिली.

"हे घरी करते हो, डॉक्टर," मी म्हटलं. "बिस्कीट कुठंही लपवा, शोधून काढते."

डॉक्टर मुलांकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलले आणि सगळी हसली. मग मला मराठीत म्हणाले, "बाई, घरी सगळ्यांचीच मुलं हुशार असतात."

पुढं त्यांनी तिच्या डोक्याला टेप लावला, तळवे उलटेपालटे करून मुलांना दाखवले. तिचा जबडा धरून तोंड उघडलं, तेव्हा ती इतक्या जोरात किंचाळली की एका मुलीनं कानावर हात ठेवले. शेवटी हात धुता धुता ते म्हणाले, "मंदबुद्धी आहे. शिकणार नाही. हिच्यामागं आयुष्य घालवू नका, दुसरं मूल होऊ द्या."

"काही करता येईल का?" मी विचारलं.

"आत्ताच सांगितलं ना!" ते म्हणाले आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

बसस्टॉपवर मिस्टर म्हणाले, "झालं समाधान?" मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. सुटल्यासारखे दिसत होते ते.

त्यानंतर घरात कुणी तिच्याशी बोलेना. नणंद आधी तिला अंगाखांद्यावर घ्यायची, तिनंही सोडलं. एक दिवस मी कामावरून आले तर पोरगी घरात नव्हती. सासूबाईही नव्हत्या.

"आई तिला गावाला घेऊन गेलीय," मिस्टर म्हणाले. "रविवारी ताईला बघायला येतायत. मोकळी हवा आहे तिकडे."

"मला न विचारता?"

"तू हो म्हणाली असतीस?"

मी मिळेल त्या एसटीनं निघाले. गावी पोचले तेव्हा सकाळ होती. पडवीत, खांबाला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तिचा पाय बांधला होता. पलीकडे वासरू बांधलं होतं. तिच्यापुढं पेजेची वाटी लवंडली होती आणि तीत माशा. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती पट्टीचं टोक बोटांनी फिरवत बसली होती.

सासूबाई मागून आल्या. "कित्याक इलंस?" त्या म्हणाल्या. मी गाठ सोडायला लागले तशा ओरडल्या, "बांधून ठेवला नाय तर चेडू बावीत पडात! मी दिसभर मागे धावू?" विहीर खरंच तिथंच होती, अंगणाच्या कडेला, कठडा नसलेली. त्यांनी तिला मारलं नव्हतं, उपाशीही ठेवलं नव्हतं. वासराला जपतात तसं जपलं होतं.

गाठ पक्की बसली होती. विळीवर घासून मी ती पट्टी कापली आणि पोरीला घेऊन त्याच पावली निघाले.

मिस्टर म्हणाले, ताईचं ठरेपर्यंत तरी तिला घरात आणू नकोस. मी दिंडोशीला मावशीकडे राहिले. नणंदेचं लग्न ठरलं. लग्नात तिच्या सासरच्यांना घरच्यांनी सांगितलं, वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलीय. मिस्टर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, दारातच उभे राहायचे. मग येईनासे झाले. त्यांनी दुसरं घर केल्याचं मला मावशीच्या शेजारणीकडून कळलं.

पुढं पार्ल्याला एक डॉक्टरबाई आहेत असं ऐकलं, तिकडे नेलं. त्या पोरीबरोबर जमिनीवर बसल्या, तिचं फिरणारं झाकण बराच वेळ नुसतं बघत राहिल्या. "बोलेल की नाही सांगता येत नाही," म्हणाल्या. "पण खाणं, धुणं, कपडे घालणं शिकेल. वेळ लागेल." मला हुंदका आला. तेवढ्यात त्यांचं लक्ष पोरीच्या घोट्याकडे गेलं. पट्टी काचून झालेल्या जखमेचा वण तिथं काळा पडून राहिला होता.

"हे कुणी केलं?" त्यांनी आवाज बदलून विचारलं. "तुम्ही बांधून ठेवता हिला?"

मी नाही म्हटलं. सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पण माझ्याकडे बघितलं ते तसंच. पुढची काही वर्षं मी दर आठवड्याला तिथं जात राहिले, आणि दर वेळी त्या आधी पोरीचे पाय बघायच्या, मग माझ्याशी बोलायच्या.

ती शिकली. हातानं जेवते, कपड्यांची घडी घालते, पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडे नेते.