एका ‘आ’चे प्रकार

आत्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता आणि तो मी घासून संपवला. हे चुकून झालं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. ऐकणारे हळहळायचे, आणि तेही माझ्यासाठीच.

तेव्हा आम्ही चिकलठाण्याला राहायचो, विमानतळाच्या भिंतीला लागून झालेल्या एका नव्या सोसायटीत. सोसायटीच्या नावात नदी होती आणि नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता, शहर मात्र जालना रोडच्या दोन्ही बाजूंनी वाढतच होतं. आई लासूर स्टेशनच्या शाळेत शिकवायची. सकाळी गाडीनं जायची ती संध्याकाळीच परतायची. बाबा विमा कंपनीत अधिकारी. दिवसभर घरात आम्ही दोघीच. पदवी घेऊन नोकरीची वाट बघण्याचा देखावा करणारी मी, आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. तिचं लग्न झालं नव्हतं आणि ती पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाली होती. ‘धरणातलं संपलं तेव्हाच हिचंही काम संपलं,’ असं बाबा म्हणायचे. हा विनोद ते नेहमी ती समोर असतानाच करायचे.

जालना रोडवरच्या एका हॉटेलानं आपला डिस्को बंद करून त्या जागी मंगल कार्यालय काढलं, तेव्हा तिथली दोन टर्नटेबलं, म्हणजे रेकॉर्ड फिरवायची यंत्रं, आणि आवाजाचा मिक्सर माझ्याकडं आले. मला स्क्रॅचिंग शिकायचं होतं. फिरत्या रेकॉर्डवर बोटं ठेवून ती पुढं-मागं ओढायची, दुसऱ्या हातानं मिक्सरची पट्टी सरकवून आवाज हवा तिथं तोडायचा, एवढंच ते असतं. एवढंच म्हणजे मला दोन महिन्यांत त्यातला एकच प्रकार आला. पुढं-मागं, पुढं-मागं.

‘राखेनं कढई घासल्यासारखं वाटतंय,’ आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘कढई निदान उजळते तरी.’

पण ती यंत्रं घरात आल्यावर चौथ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. हातात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक छोटी रेकॉर्ड होती. तिची गोष्ट मला आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलेली होती. आधीच्या मोठ्या दुष्काळात दुष्काळनिधीसाठी शहरात गायनाची स्पर्धा झाली होती. एकोणीस वर्षांची आत्या पहिली आली आणि बक्षीस म्हणून तिचं एक भजन रेकॉर्डवर निघालं. तीसेक प्रती नातेवाइकांत वाटल्या गेल्या. मग एक स्थळ आलं. मुलगी रेकॉर्डवर गाते म्हणजे नेमकं काय करते, असं मुलाकडच्यांनी विचारलं. आजोबांनी सगळ्या प्रती परत मागवल्या. सोळा वर्षांचे बाबा सायकलवरून घरोघर फिरून त्या गोळा करून आले आणि आजोबांनी त्या परसात फोडल्या. एक आत्यानं लपवली. स्थळ पुढं पत्रिकेवरून मोडलं. त्यानंतर ती आरतीसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणायची.

‘लाव,’ ती म्हणाली.

मी लावली. भजनाच्या सुरुवातीला एक लांब ‘आ’ होता. मागं पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा. ती भिंतीला हात लावून उभी होती. तीन मिनिटांनी गाणं संपलं.

‘गती बरोबर आहे का गं? मी एवढी घाई करत नव्हते.’

गती बरोबर होती. तिनं रेकॉर्ड पुन्हा गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. कपाटाला कुलूप नव्हतं. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी ती येऊन ‘लाव’ म्हणायची. आठवड्यातली ती तीन मिनिटं सोडली तर तिला कुणाकडून काही हवं असल्याचं मी कधी पाहिलं नाही.

माझा हात मात्र पुढं जात नव्हता. मुकुंदवाडी स्टेशनजवळ पत्र्याच्या शेडमध्ये एक भाई वरातींसाठी साउंड भाड्यानं द्यायचे. तरुणपणी त्यांनी हैदराबादच्या एका डिस्कोत रेकॉर्डी फिरवल्या होत्या. मी त्यांच्याकडं गेले आणि जे येत होतं ते करून दाखवलं.

‘मॅडम, हात लई साफ हाय तुमचा,’ ते म्हणाले. ‘पण एकच बात करतो. कुई-कुई, कुई-कुई. हमारे मोहल्ले में एक बकरी है, वो भी दो तरह से बोलती.’

शेडमधली माणसं पोट धरून हसली. मग त्यांनी स्वतः हात ठेवला. आवाज फक्त पुढं जाताना ऐकवायचा, मागं येताना तोडायचा. एकच ओढ मध्ये थबकून दोन तुकड्यांत घ्यायची. आवाज लांब सोडायचा आणि पट्टीनं त्याचे काप करायचे. पाच-सहा प्रकार त्यांनी एका दमात दाखवले. मी घरी येऊन प्रयत्न केला, तीनच जमले. पुन्हा गेले.

‘तुम्ही ढोलाचा तुकडा घेताय. छोटा हाय तो, हात कू जगाच नाय त्यात. लंबा आवाज लाओ. बाई का, साफ, पीछे बाजा नाय. एक ‘आ’ मिल गया तो उसीच के बीस निकालते बैठो.’

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक.

‘पण घरातली जुनी रेकॉर्ड नका आणू,’ ते म्हणाले. ‘सुई एकाच जागी फिरती. जागा जळती. एकदा जळली की गेली, मग कुणाच्या बापाला येत नाय ती.’

त्या संध्याकाळी मी आत्याला बसवून माझे तीन प्रकार ऐकवले. का ऐकवले ते सांगता येत नाही. घरात कान असलेलं माणूस तेवढं एकच होतं. तिनं मन लावून ऐकलं. मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल.

‘तुला कुणी अडवलं नाही ना,’ ती शांतपणे म्हणाली, ‘म्हणून तुझ्याकडं काही नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आडवी झाल्यावर मी कपाट उघडलं.

रेकॉर्डवरचं गाणं आधी संगणकावर उतरवून ठेवता आलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. सुचलं नाही, असं मी पुढं लोकांना सांगितलं. सुचलं होतं. केबल टेबलावरच होती.

पंधरा दिवस, रोज एक ते तीन, कानाला हेडफोन लावून मी त्या ‘आ’वर बसले. भाई खोटं बोलले नव्हते. हळू ओढला तर तो सुस्कारा व्हायचा, झटक्यानं ओढला तर कोंबडीचं केकाटणं. दोन तुकडे केले की उचकी. पट्टीनं कापला की तोतरेपणा. त्या पंधरा दिवसांत मी आत्याला हसवलं, खोकायला लावलं, तोतरं केलं, रडवलं. भिंतीपलीकडं ती झोपलेली असायची. मला मजा येत होती, हे लिहायला हवं.

चौथ्या दिवशी ‘आ’च्या सुरुवातीला खरखर यायला लागली. मी थांबले नाही. ती जागा सोडून थोडं पुढं घेतलं. तीही जळली की आणखी पुढं. बोअर आटला की लोक आणखी पन्नास फूट खाली जायचे, तसं. दोन गुरुवार आत्या ‘लाव’ म्हणत आली तेव्हा सुई दुरुस्तीला दिल्याचं सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी ती आलीच नाही. शहाणी होती.

याच सुमारास सोसायटीनं महिला दिन ठरवला. बाबा अध्यक्ष. मांडव पडला, खुर्च्यांना पांढरी कापडं चढली, नगरसेवकांना बोलावणं गेलं. कार्यक्रमात माझं वीस मिनिटांचं सादरीकरण होतं. ही कल्पना बाबांची. ऑफिसात ते हल्ली ‘आमची मुलगी टर्नटेबलिस्ट आहे’ असं सांगायचे, आणि समोरच्याला कळलं नाही की त्यांना फार आनंद व्हायचा.

रविवारी दहाची वेळ होती, नगरसेवक अकराला आले. दुष्काळाची आठवण ठेवून हारतुरे टाळल्याचं जाहीर झालं आणि त्यांना शाल, श्रीफळ आणि बाटलीबंद पाण्याचा खोका देण्यात आला. त्यांनी स्त्रीशक्तीवर बोलताना झाशीपासून सुरुवात केली आणि स्वतःच्या प्रभागापर्यंत यायला पाऊण तास घेतला. मग बाबा उठले.

‘आमच्या घरात,’ ते म्हणाले, ‘कलेला कुणी कधी अडवलं नाही.’

आत्या पहिल्या रांगेत होती. मी तिच्याकडं बघितलं. ती खुर्चीच्या कापडाची गाठ नीट करत होती.

मी मशीनपाशी गेले, आणि तेवढ्यात फाटकातून टँकर आत आला. रविवारी टँकर बाराला येतो हे सोसायटीतल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. कार्यक्रमाची वेळ पुरुषांनी ठरवली होती. एक बाई उठली, मग तिच्यामागून सगळ्या. पैठण्या खोचल्या गेल्या, बादल्या, घागरी, पिंपं निघाली. ‘माझा नंबर होता, ओ बाई!’ ‘नंबर कशाचा, लाईन दिसत नाय का?’ ‘काल तुमच्याच बादल्या चार होत्या!’ अर्ध्या मिनिटात मांडव रिकामा झाला. व्यासपीठावर महिला दिनाचे सहा पुरुष उरले आणि खाली एकटी आत्या.

एरवी टँकरपाशी सगळ्यांच्या आधी तीच असायची. घरातला थेंबन्‌थेंब तिच्या ताब्यात होता. त्या दिवशी ती हलली नाही.

‘सुरू कर,’ बाबांनी खूण केली.

मी सुरू केलं. पहिल्या ओढीलाच तिनं मान वर केली. रेकॉर्ड माझ्या हाताखाली होती आणि कर्णे मांडवाच्या चारी खांबांना बांधलेले. वीस मिनिटं मी तिचे तुकडे केले, उलटे केले, कापले, तिला उचकी आणली. मध्ये थांबता आलं असतं. पण हात छान चालला होता. इतका छान पूर्वी कधी चालला नव्हता. नगरसेवक मान डोलवत होते. बाबांनी तो आवाज ओळखला नाही. किंवा ओळखला असेल, त्यांच्या चेहऱ्यावरून काही ठरवता येत नसे. शेवटी त्यांनी सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. मला कुंडीतलं एक रोप मिळालं.

रात्री आत्यानं नेहमीसारखं वाढलं. आमटीत मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत आली. मी म्हटलं, ‘आत्या, मी...’

‘लाव,’ ती म्हणाली.

लावली. जिथं ‘आ’ होता तिथं वाळूवरून पोतं ओढल्यासारखा आवाज आला. त्यातून, खूप लांबून, कुणीतरी गात असल्याचा भास. मग पहिल्या ओळीपासून गाणं नीट सुरू झालं. ती पहिली ओळ ऐकेपर्यंत थांबली.

‘हे का ठेवलंस?’

‘काय?’

‘पुढचं. दोन ओळी झाल्या की एक तान आहे. लांब आहे. तिथं ठेव हात.’

‘नको ना आत्या.’

‘काल त्या नगरसेवकासमोर लाज वाटली नाही. मी काय परकी आहे का? ठेव.’

ती पलंगाच्या कडेला बसली. मी हात ठेवला. पुढं-मागं केलं.

‘हे झालं. दुसरं.’

मी आवाज तोडून पाहिला.

‘दुसरं.’

ओढीचे दोन तुकडे केले.

‘हे काल केलंस. मला तेच तेच ऐकायला बसवू नकोस. दुसरं.’

या प्रकारांची नावं तिला ठाऊक नव्हती, पण एकदा ऐकलेला हात ती दुसऱ्यांदा चालवून घेत नव्हती. जमत नसलं की म्हणायची, ‘सम चुकली, पुन्हा.’ मी रडत होते. त्याकडं तिनं लक्ष दिलं नाही. तानेची जागा घासून पांढरी पडू लागली तशी तिनं मला अंतऱ्यावर नेलं, मग शेवटच्या ओळीवर. आपण कुठं श्वास घेतला होता, कुठं सूर धरला होता, हे तिला चाळीस वर्षांनंतरही पाठ होतं. ती जागा सांगायची आणि मी तिथं सुई टेकायची. साडेतीनच्या सुमारास रेकॉर्डभर एकसारखी खरखर झाली. कुठंही सुई ठेवली तरी तीच.

‘किती झाले?’ तिनं विचारलं.

‘मोजले नाहीत.’

‘अकरा. त्यातले चार तुला सकाळी येत नव्हते.’

ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. रेकॉर्ड न्यायला ती परत आली नाही.

ते चारही प्रकार मी आजही करते, दुसऱ्या आवाजांवर. कार्यक्रमानंतर कुणीतरी हमखास विचारतं, हे तुम्ही कुणाकडं शिकलात. इंटरनेटवर, असं मी सांगते.