देविकाची धूळ आणि काकूंच्या कुरडया

देविका काय काम करते, याचं उत्तर कॉलनीत तीन शब्दांत मिळायचं: "ती धूळ बघते." मूळची साताऱ्याची ही बाई लखनौच्या एका संशोधन संस्थेत उपग्रहाची चित्रं बघून धुराचे नि धुळीचे लोट कुठून निघाले, कुठे चालले ते सांगायची. घरातल्या पंख्यावर मात्र बोटभर धूळ. नवरा त्यावरून चिडवायचा आणि तीही खो-खो हसायची.

खालच्या मजल्यावरच्या लीलावतीकाकू तेवढ्या तिच्याशी वर्षभर हसल्या नव्हत्या. गेल्या उन्हाळ्यात चित्रातला एक करडा पट्टा बघून देविकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "उद्या आंधी येणार. कुरडया घालू नका." तो निघाला शेतात गव्हाची खुंटं जाळल्याचा धूर. उंचावरून आला तसा गेला, दिवसभर ऊन पडलं आणि काकूंचा गव्हाचा चीक आंबून गेला. फौजेतल्या त्यांच्या मुलाला, विश्वजितला, लडाखला कुरडया गेल्याच नाहीत. देविकाच्या मनाला ते फार लागलं होतं.

यंदा काकूंनी तिला विचारलंच नाही. गच्चीवर दोन खाटांवर जुन्या साड्या अंथरून कुरडया घातल्या.

नेमका त्याच दुपारी ऑफिसात देविकाला पुन्हा पट्टा दिसला. या खेपेला ती एका चित्रावर विसंबली नाही. सकाळपासूनची चित्रं एकापाठोपाठ एक लावून पाहिली. शेतातला धूर ठिकठिकाणाहून बारीक धाग्यांसारखा निघतो. हा पट्टा राजस्थानकडून सलग सरकत होता. खात्रीसाठी तिने आग्र्याच्या सहकाऱ्याला फोन केला.

"यार, समोरची बिल्डिंग दिसत नाही," तो खोकत म्हणाला.

मग तिने काकूंना फोन लावला. "काकू, आंधी येतेय. कुरडया आत घ्यायला हव्यात."

"अच्छा? आभाळ निळंशार आहे इथं. आणि अर्धवट वाळलेल्या उचलल्या की भुगा होतो, ठाऊक आहे ना?"

"उचलू नका. खाटेसकट आत नेऊ. मी निघाले."

ऑटोवाल्या भैयाच्या मागे लागून ती हजरतगंजातून घरी पोचली. काकू गच्चीच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"आणि नाही आली तर?"

"तर पुढच्या वर्षी सगळा गहू मी वाटेन."

हे ऐकून काकूंनी खाटेची एक बाजू धरली. पहिली खाट जिन्याच्या खोलीत गेली. दुसरी दारात अडकली ती अडकलीच. तेवढ्यात पश्चिमेचं आभाळ पिवळं झालं. काकूंनी धावत जाऊन चादर आणली, खाटेवर टाकली आणि दोघी चादरीची टोकं धरून बसल्या. मग जी आंधी आली, ती शेजाऱ्यांची दोन पातेली नि एक बनियन घेऊन गेली.

कुरडया वाळल्यावर पहिल्या खाटेवरच्या सगळ्या डब्यात भरून लडाखला रवाना झाल्या. दुसऱ्या खाटेवरची एक तळून काकूंनी देविकासमोर ठेवली.

"कचकचतेय?"

"थोडीशी."

"तुझी धूळ आहे ती. तूच खा," म्हणून काकू वर्षात पहिल्यांदा तिच्याकडे बघून मोकळं हसल्या.

देविकाने आणखी एक मागितली.