पाळीवरची पाटी

शहरातून मुली येतात. पाण्याची सोय कायमची कशी टिकवायची, याचा म्हणे जगभर अभ्यास चालू आहे. तलावाचे फोटो काढतात आणि मला विचारतात, "आजी, हे जुने तलाव इतकी वर्षं कसे टिकले?" मी म्हणते, माती टाकून. त्यांना वाटतं मी आणखी काही सांगेन. मी सांगत नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, तेव्हा इथे लिहून ठेवते.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच्यातच होतं. जंगलाला लागून गाव, गावाच्या डोक्यावर तलाव, खाली धानाची शेतं. आश्विनात पाऊस थांबतो आणि धानाला नेमकं तेव्हाच पाणी लागतं. ते पाणी तलावाचं. तलाव नसेल तर धान नाही, इतका साधा हिशेब.

तलावाच्या मातीच्या बांधाला, म्हणजे पाळीला, दर उन्हाळ्यात प्रत्येक घरानं माती घालायची. आटलेल्या तळातला गाळ खणायचा, पाटीत भरून डोक्यावर न्यायचा, पाळीवर टाकून पाणी मारायचं आणि सगळ्या गावानं रांगेनं तुडवायचा. खेकडे पाळीत बिळं करतात, ती तुडवल्याशिवाय बुजत नाहीत. नवी सून आली की तिनं आधी पाळीवर पाटी टाकायची, मगच तलावात घागर बुडवायची. मीही टाकली. माझी पाटी अर्धीच भरली होती. एक म्हातारी ओरडली, "काऊन वो बाई, माहेरी तुले भात अर्ध्या पोटीच देत होते का?" सगळ्या हसल्या. मी परत जाऊन भरून आणली.

तो तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा होता. पाळीवरच्या कामावर त्याचा कारभारी उभा असायचा, हातात काठी घेऊन. मालगुजाराच्या घराला शेणमाती करायची, त्याचं लाकूड ओढायचं, त्याची बैलगाडी चिखलातून काढायची, ही वेठ वेगळी. पण गावाच्या डोक्यात पाळीचं काम आणि ही वेठ एकच झाली होती. माझा नवरा लहान असताना त्याच्यादेखत त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कारभाऱ्यानं त्या पाळीवर मारलं होतं. तापात होते, पाटी कमी भरली एवढ्यावरून.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी मालगुजारी गेली. गावात डफडी वाजली. पटवारी येऊन सांगून गेला, तलाव आता सरकारचा. सासऱ्यांनी विचारलं, "मंग माती कोन टाकन?"

"सरकार पाहील," पटवारी म्हणाला आणि घोड्यावर बसला.

उन्हाळा आला. सासरे पाटी घेऊन दारोदार फिरले. कोणी उठेना. एकानं तोंडावर म्हटलं, "बुढ्याची पाठ खाजवून राह्यली. वेठीबिगर करमत नाई त्याले." ओसरीवर बसलेले सगळे हसले. त्यात माझा नवरा होता.

घरी आल्यावर बापलेकांचं लागलं.

"तुमाले मारलं ना बाबा त्या पाळीवर? मी पाह्यलं आहे. आता त्या पाळीले मी हात नाई लावनार."

"मारलं त्यानं. पाळ त्याची नव्हती रे. तुया आज्यानं घातलेली माती आहे तिथी."

"तं आज्याले बोलवा तुडवाले."

नवरा खरं तर आधीपासून माजरीच्या कोळशाच्या खाणीत जायचं म्हणत होता. गावातले काही जण गेले होते. सासऱ्यांनी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की यंदा धान पिकलं तर जायचं नाही. "पिकलं तं राहातो," तो म्हणाला. "नाई पिकलं तं दिवाळीनंतर मले अडवाचं नाई." मी चुलीपाशी ऐकत होते. माझं सगळं तिथंच अडकलं. धान पिकलं तर नवरा घरात, नाहीतर नाही.

म्हणून मी सासऱ्यांबरोबर माती टाकायला गेले. कोणी कौतुक करावं म्हणून नव्हे. पाळीच्या एका अंगाला भर उन्हाळ्यातही गवत हिरवं होतं. तळाला उरलेलं पाणी आतून झिरपत होतं. तिथं साऱ्या गावाचे पाय पाहिजे होते आणि आम्ही दोघं होतो. टाकली जमेल तेवढी. आमच्या पायांनी ती दबली नाही, हे आम्हाला दिसत होतं.

पाऊस चांगला झाला. तलाव काठोकाठ भरला, रोवणी झाली. नवरा मला तलाव दाखवायला घेऊन गेला. खूश होता. "पाह्यलं? कोनाच्या काठीबिगर भरला." तो म्हातारा होईपर्यंत असाच माझ्याजवळ उभा राहील असं मला तेव्हा वाटलं.

भादव्यात भर दुपारी पाळ फुटली. मी निंदणाला गेले होते. आधी आवाज आला, जंगलातून जनावरांचा कळप उधळावा तसा. हिरवं गवत होतं तिथंच फुटली. जवळची शेतं वाळूखाली गेली. माणूस कोणी गेलं नाही. संध्याकाळच्या आत तलाव रिकामा झाला आणि तळात मासेच मासे, चिखलात उड्या मारणारे. मग सगळं गाव टोपल्या घेऊन धावलं. उन्हाळ्यात गाळ काढायला न उतरलेली माणसंही उतरली. हसणं, ओरडणं, जत्राच. माझ्या नवऱ्यानं धोतरात गुंडाळून मोठी मरळ आणली. "मसाला वाट," म्हणाला.

मी वाटला. रांधलं. सासऱ्यांना विचारलं, वाढू का?

"भात वाढ. मासोळी नोको." मिठाशी भात कालवला आणि म्हणाले, "पुढच्या साली हा भात नाई भेटनार."

नवऱ्याचा घास हातात राहिला. मग त्यानं तो खाल्ला.

आश्विनात पाऊस थांबला. वाळूतून वाचलेलं धान निसवायच्या बेतात होतं, लोंब्या पोटात होत्या. त्या पोटातच वाळल्या. नवऱ्यानं फुटक्या जागी बांबू रोवले, तट्टे बांधले, चिखल ओतला. त्या वेळी पाटी घेतली त्यानं. आता कोणी हसलं नाही, बरेच जण आले. पण अडवायला पाणीच उरलं नव्हतं. शेवटी शेतात ढोरं सोडली.

दिवाळी झाली. तो निघाला. सासऱ्यांनी अडवलं नाही, शब्द दिला होता. गावाबाहेरची वाट पाळीवरूनच जायची. आम्ही दोघं त्याच्यामागं फुटक्या जागेपर्यंत गेलो. तिथं त्याला खाली उतरावं लागलं. गुडघाभर चिखलात रुतला, वहाणा हातात घेतल्या, पलीकडं चढला. आमच्याकडं पाहून म्हणाला, "बुजवू नोका एकट्यानं. मी येतो उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात आला नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माजरीहून आलेल्या माणसानं सांगितलं की त्यानं तिकडं बाई ठेवली आहे, लेकरूही आहे. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि पाटी उचलली. मीही उचलली. आमची माती दर पावसाळ्यात वाहून जायची. ते मरेपर्यंत आम्ही टाकली. उपयोग झाला असं मी म्हणणार नाही.

माझे केस पिकल्यावर सरकारनं ते खिंडार बुजवलं. पाळीवरची वाट आता सरळ आहे, कोणाला चिखलात उतरावं लागत नाही. तो पलीकडं चढला, ती जागा कुठं होती हे आता मलाही नीट सांगता येत नाही. मुली विचारतात तेव्हा मी हात करते, तिथं कुठंतरी.